खबरीचा धोंडा

गोल्फच्या या मैदानावर सातव्या होलकडे जाताना डाव्या हाताला हा काळा, बसका धोंडा आहे. इथं जरा थांबायचं, मंडळी. काठ्या खाली ठेवा. तुम्ही करंजमाळला पहिल्यांदाच आलात म्हणून सांगावं लागतंय, नेहमीची माणसं इथं आपोआप थांबतात. नाही, पाया पडू नका. हा देव नाही. शेंदूर लावलेला नाही, समोर नारळ फोडलेला नाही, बघा. याला खबरीचा धोंडा म्हणतात. पुढं ती कारवीची दाट झाडी दिसते ना, तिथं जायच्या आधी खबर सांगायची आणि ऐकायची, अशी या मैदानाची रीत आहे.

रीत साधी आहे. सकाळी डोंगर चढून येताना ज्या कॅडीनं, म्हणजे काठ्या वाहणाऱ्यानं, जे पाहिलं ते त्यानं इथं उभं राहून मोठ्यानं सांगायचं. गवा दिसला, साप दिसला, रानडुकरानं माती उकरलेली दिसली, तर ते. काहीच दिसलं नाही तर तेही तोंडानं सांगायचं, नुसती मान हलवायची नाही. मोठमोठे साहेब इथं टोपी काढून ऐकतात. आणि सगळ्यांच्या आधी झोऱ्यांच्या घरातला एकजण एक वाक्य बोलतो. ते वाक्य काय आणि झोऱ्यांनाच का बोलावं लागतं, ती गोष्ट आता ऐका.

मी कोंडिबा झोरे. चाळीस वर्षं इथं काठ्या वाहिल्या, आता पाहुण्यांना मैदान दाखवतो. ज्याच्या हातून ते घडलं तो धुळू झोरे माझ्या आज्याचा थोरला भाऊ. म्हणून ही गोष्ट आमच्याच घरानं सांगायची असते. दुसऱ्या कुणी सांगितली तर ती सौम्य होते, असं आजा म्हणायचा.

संस्थानं होती त्या काळातली गोष्ट. हा सगळा माळ तेव्हा गुरांचा होता. आमची धनगरांची वाडी खाली डोंगराच्या त्या सोंडेला, आणि म्हशी चरायला इथं वर. आणि म्हशींच्या आधीपासून, असं सांगतात, हा माळ गव्यांचा होता. सकाळ-संध्याकाळ कळप कारवीतून बाहेर येऊन इथलं कोवळं गवत खायचा आणि ऊन चढलं की परत आत जायचा. वाडीची माणसं त्या वेळा सांभाळून असायची. कुणाचं कुणाशी वाकडं नव्हतं.

मग सरकारांना, म्हणजे इथल्या जहागीरदारांना, विलायतेहून आलेल्या पाहुण्यांसाठी गोल्फचं मैदान करायची हौस आली. माळ सपाट झाला, झेंडे लागले. गुरं बंद झाली. गव्यांना मात्र कोण सांगणार? ते येतच राहिले. म्हणून सरकारांनी वाडीतलीच माणसं काठ्या वाहायला घेतली. रान ओळखणारी माणसं बरोबर असलेली बरी.

त्यांत दोघं पुढं होते. एक धुळू, वय पस्तिशीचं. वाळलेल्या शेणावर बोट ठेवून गवा कधी गेला ते सांगणारा. दुसरा भागोजी येडगे, त्याच्याहून सहा-सात वर्षांनी लहान. दोघं एकाच वाडीतले, एकाच कळपामागं वाढलेले. भागोजीला रानाची वाट धुळूनंच दाखवलेली. कारवीत शिरताना काठीनं खोडं ठोकत जायचं, म्हणजे आतल्या जनावराला आधी कळतं आणि ते बाजूला होतं. पिल्लू आणि त्याची आई यांच्या मधे कधी यायचं नाही. जनावर दिसलं तर पाठ न फिरवता मागं मागं सरकायचं. हे सगळं भागोजी धुळूकडून शिकला. तो त्याला धुळूदादा म्हणायचा.

धुळू रोज पहाटे सगळ्यांच्या आधी निघायचा, कारवीच्या कडेनं वळसा घालून यायचा आणि काय दिसलं ते सांगायचा. एका हंगामात असं झालं म्हणे, की दोनदा त्यानं खेळ थांबवला. कारवीत गवा आहे म्हणाला. सरकार आणि पाहुणे उन्हात अर्धा-अर्धा तास उभे राहिले आणि आतून काहीच निघालं नाही. गवे होते ते आतल्या आत निघून गेले होते, पण हे कुणाला पटणार? दुसऱ्या वेळी सरकार हसून म्हणाले, "धुळूला झुडपाझुडपात गवे दिसतात."

सगळे हसले. भागोजीही हसला.

त्यानंतर काही दिवसांनी सरकारांनी सगळ्या कॅडींवर एक मुकादम नेमला. भागोजीला नेमलं. त्याला तांबडा फेटा दिला. धुळूनं स्वतःच्या हातानं तो त्याच्या डोक्यावर बांधून दिला, असं सांगतात.   घरी आजा धुळूच्या शेजारी जेवायला बसायचा. तो सांगायचा, त्या दिवसापासून दादाच्या तोंडात भागोजीचं नाव आलं नाही. नुसतं 'मुकादम' म्हणायचा.

मार्गशीर्ष महिना होता. थंडी पडली होती. सरकारांकडे कुठलेसे मोठे पाहुणे आले होते आणि त्या दिवशी सामना होता. पहाटे धुळू नेहमीप्रमाणे वळसा घालून आला. त्या तिथं, सातव्या ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या कापलेल्या गवताच्या, खालच्या अंगाला, कारवीत त्याला गवत दाबलेलं दिसलं. थोडं रक्त दिसलं. तो थांबला. पंधरा-वीस पावलांवर गव्याची मादी उभी होती आणि तिच्या पायाशी नुकतंच जन्मलेलं वासरू. अजून ओलं होतं. उठायला बघत होतं आणि पडत होतं. त्याचा मागचा एक पाय धड टेकत नव्हता.

धुळू मागं मागं सरकत बाहेर आला. त्याला पक्कं ठाऊक होतं, ही आता इथून दोन दिवस हलणार नाही, आणि जो कोणी जवळ जाईल त्याला ती सोडणार नाही.

तो काठ्या ठेवायच्या शेडपाशी आला तेव्हा सगळे जमले होते. भागोजीनं विचारलं, "धुळूदादा, आज काय दिसलं का?"

विचारताना भागोजी हसला, असं धुळू पुढं सांगायचा. आणि आजा म्हणायचा, भागोजीचा चेहराच हसरा होता. तो देवळातही तसाच दिसायचा.

"काय न्हाई," धुळू म्हणाला.

बघा, खोटं एवढंच होतं. दोन शब्दांचं.

सामना सुरू झाला. एक, दोन, तीन असं करत मंडळी सातव्या होलवर आली. इतका वेळ धुळू बरोबर चालत होता. वाटेत सांगायला शंभर जागा होत्या. पुढं आयुष्यभर त्यानं त्या जागा मोजल्या असतील. पाहुण्यांनी चेंडू मारला, तो डावीकडे गेला आणि ग्रीनच्या खाली कारवीत पडला. चेंडू शोधून आणायचं काम कॅडीचं. पाहुणे मोठे, म्हणून मुकादम स्वतः निघाला.

धुळू या धोंड्यापाशी उभा होता. भागोजी त्याच्यासमोरून उतरला. त्या वेळी धुळूच्या मनात काय होतं ते त्यानं नंतर जसंच्या तसं सांगितलं, काही लपवलं नाही. त्याच्या मनात मरण नव्हतं. ती मादी फुरफुरेल, मुकादम घाबरेल, पळत वर येईल, फेटा सुटून पायात येईल आणि सरकार हसतील. एवढंच त्याला हवं होतं. एकदा हसावं सगळ्यांनी.

भागोजी आत शिरला. खोडं ठोकली नाहीत. काही दिसलं नाही असं धुळूदादानं सांगितल्यावर कशाला ठोकायची?

धुळूनं तोंड उघडलं होतं म्हणे. हाक मारायलाच उघडलं होतं. पण आता ओरडलो तर सगळ्यांना कळेल की मला आधीपासून माहीत होतं, असं त्याला वाटलं आणि तो क्षणभर थांबला. त्या क्षणातच कारवी हलली.

मादीनं एकदाच मारलं. भागोजीला उचलून बाजूला टाकलं आणि परत वासरापाशी जाऊन उभी राहिली. मागं लागली नाही. धुळू सगळ्यांच्या आधी आत धावला, त्यानंच भागोजीला बाहेर ओढलं. या धोंड्यावर आणून निजवलं. मग शेडचं दार काढून आणलं आणि त्यावर घालून चौघांनी त्याला वाडीकडे नेलं. पुढच्या डाव्या बाजूला खांदा धुळूचा होता.

भागोजी शुद्धीवर होता. उतारावर त्याची बायको ठकू गवताचा भारा टाकून धावत आली. तिनं धुळूकडे बघितलं, कारण रान बघायचं काम त्याचं होतं. भागोजीच्या ते ध्यानात आलं. तो म्हणाला, "त्याला बोल लावू नगंस. धुळूदादाला दिसलं असतं तर त्यानं सांगितलं असतं."

वाडीत पोचायच्या आधीच तो गेला.

पुढचे दोन दिवस माणसं धुळूला धीर देत होती. तुझ्या डोळ्यांदेखत झालं रे, म्हणत होती. कुणी त्याच्यापुढं भाकरी ठेवायचं, कुणी पाठीवरून हात फिरवायचं. त्याला घास गिळवत नव्हता, तर ते दुःख आहे असं लोकांना वाटलं. आजा म्हणायचा, दादाला कुणी शिवी दिली असती तर तो जेवला असता.

सरकारांना फार वाईट वाटलं. त्यांनी हुकूम दिला की माणूस मारणारं जनावर ठेवायचं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः बंदूक घेऊन आले, बरोबर एक शिकारी होता. वाडीचीही तीच इच्छा होती. ठकूनंही तेच सांगितलं, तिला मारा. वाट दाखवायला धुळूला बोलावलं. दुसरं कोण दाखवणार?

दुसरीकडे न्यायचं त्याच्या मनात होतं. पण पाय सवयीनं बरोबर तिथंच गेले. मादी तशीच उभी होती. तीन दिवसांत ती वाळली होती. वासरू आता उभं राहत होतं, पण चालायला गेलं की तो पाय मुडपायचा, आणि त्याला सोडून ती पाण्यावरही गेली नव्हती. माणसं दिसताच तिनं डोकं खाली केलं, वासराला पोटाखाली घेतलं आणि जागची हलली नाही.

शिकाऱ्यानं बंदूक उचलली. तेव्हा धुळू पुढं चालत गेला आणि मधे जाऊन उभा राहिला. तोंड बंदुकीकडे, पाठ गव्याकडे. ज्यानं सगळ्या वाडीला शिकवलं होतं की आई आणि पिल्लू यांच्या आसपास फिरकू नका, तो तिच्यापासून चार पावलांवर पाठ करून उभा होता.

सरकार म्हणाले, "धुळू, बाजूला हो. वेड लागलं काय?"

"हिनं न्हाई मारलं, सरकार," धुळू म्हणाला. "म्या मारलं. त्या दिवशी पाटंला म्या हिला बघितलं हुतं. वासरू बघितलं हुतं. भागोजीनं इचारलं तर न्हाई म्हणून सांगितलं."

सरकारांना आधी समजलंच नाही. त्यांनी विचारलं, "का?"

"तो हसला हुता म्हणून. तुमीबी हसला हुता."

 आणि इथं एक नवल सांगतात. मी ऐकलं तसं सांगतो. मादी पुढं आली. बंदुका वर होत्या, पण धुळू मधे असल्यानं कुणाला बार काढता येईना. ती अगदी जवळ आली आणि तिनं धुळूच्या पाठीला नाक लावलं. त्याची बंडी तिच्या श्वासानं भिजली म्हणे. त्यानं मारण्याची वाट बघत डोळे मिटले होते. पण धडक बसली नाही. ती वळली, वासराला नाकानं ढकलत ढकलत कारवीतून खाली उतरली, आणि ते लंगडत तिच्याबरोबर गेलं. धुळू म्हणायचा, तिनं मारलं असतं तर सुटलो असतो.

सरकारांनी बंदूक शिकाऱ्याच्या हातात दिली आणि ते या धोंड्यावर बसून राहिले.  मग म्हणाले, "हे ठकूला सांग. तिच्यासमोर सांग. मी येतो बरोबर."

ठकूच्या अंगणात वाडी जमली. धुळूनं सगळं सांगितलं, लिहून ठेवल्यासारखं. कुठं उभा होतो, काय दिसलं, काय विचारलं, काय बोललो, तोंड उघडून का मिटलं. पंचांनी ठकूला विचारलं, याला काय शिक्षा द्यायची? वाडीबाहेर काढायचं काय? सरकार म्हणाले, तू म्हणशील ते मी करेन.

ठकू उंबऱ्यावर बसली होती. ती रडत नव्हती. ती म्हणाली, "मरताना त्यानं याची बाजू घेतली. ह्यो ऐकत खांदा देत हुता."

 मग धुळूकडे न बघता म्हणाली, "मला सांगून काय उपेग? ज्याला सांगायचं त्याला सांगितलं न्हाई. वाडीबाहेर काढलं तर ह्यो कुठंतरी जाऊन गप बसंल. गप बसायला मिळू नये याला. रोज सकाळी त्याच धोंड्यापाशी उभं राहून याला सांगू दे, काय केलं ते. आणि मग त्या दिवशी रानात काय हाय ते. खेळ कारवीकडं जायच्या आधी. सगळ्यांसमोर. मी ऐकाय येणार."

धुळूनं तिथंच आण घेतली.

दुसऱ्या दिवसापासून तो इथं उभा राहू लागला. आधी म्हणायचा, "म्या बघितलं हुतं. सांगितलं न्हाई." मग रानाची खबर. कळप कुठं आहे, किती आहेत, मादीबरोबर वासरू आहे का, घोणस कुठल्या दगडाखाली ऊन खाते. चेंडू कारवीत गेला तर जाऊ द्या, जनावर वाटेत असेल तर ते जाईपर्यंत थांबा, हेही सांगायचा. सुरुवातीला पाहुणे वैतागायचे. खेळायला यायचं आणि रोज सकाळी कुणा माणसाचं पाप ऐकायचं, हे त्यांना आवडेना. पण सरकार स्वतः टोपी काढून उभे राहायचे, मग बाकीच्यांनाही राहावं लागायचं. हसणाऱ्यांत मीही होतो, असं सरकार एकदा कुणाला तरी म्हणाले होते, असं सांगतात.

ठकू मैदानावर गवत कापायच्या कामाला लागली. रोज सकाळी ती त्या तिथं, जरा लांब, विळा मांडीवर ठेवून बसायची. धुळूचं बोलणं पूर्ण ऐकायची आणि उठून कामाला जायची. धुळूशी ती बोलली नाही. एक वर्ष नाही, दहा वर्षं नाही. थंडी, धुकं, सणवार, काही असो, तो बोलायचा आणि ती ऐकायची. धुळूच्या घरात लग्न झालं तेव्हाही सकाळी तो आधी इथं येऊन गेला आणि मग मांडवात गेला.

अशी सव्वीस वर्षं गेली. धुळूच्या डोळ्यांवर पडदा आला. आधी त्यानं कुणाला कळू दिलं नाही. पायाखालची वाट पाठ होती, वासावरून आणि आवाजावरून तो निभावत होता. पण एका सकाळी तो धोंड्यापाशी उभा राहिला, पहिलं वाक्य बोलला आणि थांबला. मंडळी वाट बघत होती. त्याला पुढं काही सांगता येईना. दिसलंच नव्हतं. 'काय न्हाई' म्हणावं, तर ते दोन शब्द त्याच्या तोंडातून निघेनात.

"मला दिसत न्हाई," तो शेवटी म्हणाला. "काय हाय, काय न्हाई, मला ठावं न्हाई."

तेव्हा मागून ठकू बोलली. सव्वीस वर्षांनी. "वरच्या अंगाला दोन माद्या हायेत. एकीसंगट वासरू हाय. मी येताना बघितलं."

धुळूनं ते ऐकलं आणि मोठ्यानं तसंच्या तसं सगळ्यांना सांगितलं. त्या दिवसापासून ती पहाटे वळसा घालून यायची, काय पाहिलं ते दोन-चार शब्दांत बोलायची, आणि तो ते पुकारायचा. त्याशिवाय दोघांत बोलणं झालं नाही. धुळू गेला त्या वर्षीपर्यंत असंच चाललं.

पाहुणे मला नेहमी विचारतात, मग तिनं माफ केलं म्हणायचं ना? मीही लहान असताना आजाला विचारलं होतं. आजा म्हणाला, नाही. धुळू मरायला टेकला तेव्हा त्यानं तिला निरोप पाठवला होता. ती आली नाही, आणि तो रात्रीत गेला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी धोंड्यापाशी झोऱ्यांचं कुणीच उभं नव्हतं, तेव्हा ती आमच्या दारात आली आणि माझ्या आज्याला म्हणाली, "माणसं कारवीपाशी जाऊन उभी ऱ्हायलीत. तुझ्या घरातलं कुणी येणार हाय का न्हाई?" घरात प्रेत होतं. आजा तसाच उठून आला आणि भावाचं वाक्य बोलला. म्हणजे स्वतः काही न करता तो म्हणाला, म्या बघितलं हुतं. सांगितलं न्हाई. तो म्हणायचा, बोलताना वाटलं की हे खोटं आहे, माझं नाही. आणि बोलून झाल्यावर असं एकही वर्ष आठवेना की ज्यात मी कुणापासून काही राखून ठेवलं नव्हतं.

त्यानंतर माझा बाप बोलला. आता मी बोलतो.

आजही करंजमाळवर खबर झाल्याशिवाय सातव्या होलवर कुणी चेंडू ठेवत नाही. तेव्हापासून या कारवीत गव्यानं माणूस मारलेला नाही, असं सांगतात. गवे मात्र येतात, त्यांचा माळ आहे. कारवीत गेलेले चेंडू कुणी आणायला जात नाही, पावसाळ्यात ते आपले आपण वाहून ओढ्यात जातात.

चला, उभे राहा इकडे तोंड करून. टोपी काढली तर बरं.

म्या बघितलं हुतं. सांगितलं न्हाई.

आज पहाटे सातव्या ग्रीनच्या खाली एक मादी बसलेली आहे. पोट खाली आलंय तिचं, आज-उद्या विणार. तिथं चेंडू गेला तर तिचा झाला. आता बाकीचे सांगतील, एकेकाचं नीट ऐकून घ्या.